पोळ्याला लाल

पेटीची किल्ली हरवली, असं मी सात वर्षं सांगत आलो. किल्ली देवळीतच होती. दिव्याच्या काजळीनं काळी पडलेली, सुतळीत ओवलेली. येता-जाता नजरेला पडायची. पण उघडायची नाही म्हणजे नाही. बायको गेली त्या दिवशी मी तिच्या पेटीला कुलूप लावलं ते लावलं. लोक म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे. आहे मी हट्टी. त्यात लपवायचं काय?

यंदा चैत्र सरता सरता सुमनचा फोन आला. सुमन माझी एकुलती लेक, माजलगावकडं दिलेली. आता तीच आजी झाली. म्हणाली, "आण्णा, मायचं एखादं लुगडं काढून ठिवा. लेकराला वाकळ शिवायचीय. मायच्या लुगड्याची लई मऊ हुती."

"किल्ली सापडंना," मी म्हणालो.

"देवळीत हाय. गेल्या पोळ्याला मीच पुसून ठिवलीय."

उघडली पेटी. कुलपात तेल सोडावं लागलं. झाकण वर गेलं आणि लिंबाच्या वाळल्या पाल्याचा, डांबरगोळीचा, आणि त्याखाली कुठंतरी तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आला. मी झाकण परत लावलं. बाहेर जाऊन तंबाखू मळली. मग पुन्हा आत आलो.

तीन लुगडी. एक खणाची चोळी, कधी न घातलेली. चिंधीत बांधलेल्या चार बांगड्या. आणि तळाला, घडी घालून ठेवलेलं पांढरं कापड. कापड ओळखीचं होतं, माझ्याच जुन्या धोतराचा अर्धा तुकडा. उलगडलं तर त्यावर ओळीनं डाग. एका ओळीत पाच-सहा, खाली दुसरी ओळ, खाली तिसरी, अशा सहा-सात ओळी. पिवळट, तांबूस डाग, कडेनं राखेचा करडा वेढा. प्रत्येक डागात बोटानं सारवल्यासारख्या बिया चिकटलेल्या. चपट्या, बारीक लव असलेल्या. टमाट्याच्या.

नाकाशी धरलं. टमाट्याचा वास कसला राहतोय इतकी वर्षं? राखेचा आला.

आमच्या परसात न्हाणी आहे. एक सपाट दगड, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि चौथ्या बाजूला गोणपाट. दगडावरचं पाणी नालीत, नाली वळून वाफ्यात, आणि त्या वाफ्यात तिचे टमाटे. त्यांच्या वाटणीचं पाणी काय ते तेवढंच. उन्हाळ्यात टँकर गावात आला तर आला. अर्ध्या बादलीत मी आंघोळ करायचो आणि कुडाच्या पलीकडून ती बोलायची, "अवो, जरा डावीकडं सरका. पानी वाया चाललंय." साबण लावू द्यायची नाही. "मुळ्या जळत्यात." मग शिकेकाई, नाहीतर अंग घासायचा नुसता दगड. माझ्या पाठीच्या मळावर पोसलेले टमाटे, असं मी चेष्टेनं म्हणायचो. ती पदर तोंडाला लावायची. हसली का नाही ते तिच्या बांगड्यांवरून कळायचं.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती बी टाकायची. फुटक्या रांजणाचं बूड होतं, त्याला आम्ही खापर म्हणायचो. तळ्याचा गाळ, जुनं शेणखत आणि चुलीतली राख, तिन्ही चाळून, हातानं कालवून खापरात भरायची. पीठ मळतात तसंच. मग कापडावरच्या बिया अंगठ्याच्या नखानं सोडवून मातीवर टाकायची, वरनं चिमूटभर माती, आणि लिंबाच्या सावलीत खापर ठेवून त्यावर ओली चिंधी. चिंधी रोज सकाळी उचलून बघायची. मी म्हणायचो, "झाकलेलं सारकं उघडून बघितल्यावर काय उगवतंय?" ती म्हणायची, "तुमी बघू नका. मी बघितलेलं चालतंय."

आणि उगवायचं. इवलीशी दोन पानं, बियाची टोपी डोक्यावर तशीच घेऊन.

झाडं गुडघ्याएवढी झाली की पऱ्हाट्यांचा आधार आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधणी. हिरवी चिंधी, जांभळी चिंधी, किरमिजी चिंधी. लांबून बघितलं तर वाफ्यात बायका उभ्या आहेत असं वाटायचं. त्या झाडांच्या पानांचा एक वास असतो. उग्र, हिरवा, नाकात राहणारा. चार फुटवे खुडले की हात हिरवे-काळे व्हायचे आणि धुतले की पाणी पिवळं उतरायचं. भाकरीला तो वास लागायचा. तिच्या केसाला लागायचा. सुमन लहान होती तेव्हा तिच्या कुशीत तोंड घालून म्हणायची, "मायला टमाट्याचा वास येतोय." मलाही यायचा.

आम्ही कोयत्याची माणसं. दसरा झाला की गावात ट्रक यायचा आणि आमच्यासारखी जोडपी भांडी-कुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायची. पाच-सहा महिने कोपीत, पाचटाच्या छपराखाली. इकडं घराला कुलूप. आणि गावातले टमाटे पिकायचे दिवाळीला.

लग्नानंतरची काही वर्षं तिनंही सगळ्यांसारखेच टमाटे लावले. एक साल मला डोळ्यापुढं आहे. ट्रक निघायला आलेला, आम्ही वर चढलेलो, खाली मुकादम ओरडतोय. वरून आमचं परस दिसत होतं. कुडाच्या पलीकडं झाडं लगडलेली, सगळी हिरवी. सुमन तीन-चार वर्षांची, तिच्या मांडीवर.

"माय, आपले टमाटे?"

"पिकतील."

"मग कोण खाईल?"

ट्रक सुरू झाला. कारखाना येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी काय केलं होतं? पण मीही विचारलं नाही. विचारायचं माझ्या स्वभावात नाही.

पुढच्या साली परत आलो तेव्हा चौसाळ्याच्या बाजारात फळांच्या एका गाड्यावर ती पाऊण तास उभी राहिली. गाडा रशीदच्या बापाचा होता. रशीद तेव्हा मिसरूड फुटलेला गडी, बापाच्या शेजारी बसून तराजू धरायचा. टमाट्यांच्या ढिगातला एक-एक टमाटा उचलून, दाबून, देठ बघून ती खाली ठेवायची. शेवटी एकच घेतला. रशीदचा बाप म्हणाला, "भाभी, एका टमाट्यात काय कालवन हुनार?" ती म्हणाली, "खायला न्हाई न्यायचा."

तिथून सुरू झालं. त्या टमाट्याच्या बियांचं जे झाड सगळ्यात आधी फळाला रंग दाखवील, त्याला ती लाल चिंधी बांधायची. ते फळ कुणी तोडायचं नाही, हात लावायचा नाही. सुमन त्याच्यासमोर उकिडवी बसून राहायची. हिरव्याचं पांढुरकं, पांढुरक्याचं केशरी, केशरीचं लाल. साल पिकून तडकायला आली की तिची माय ते तोडून आत न्यायची.

"मला दी की माय."

"पहिला खायचा न्हाई."

"कावून?" हे मी विचारलेलं.

"न्हाई खायचा म्हंजे न्हाई."

मला वाटलं, नवस-बिवस असेल. पहिला देवाचा. बायकांचं असतं काही-बाही. दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. त्या फळाचं ती आत काय करायची, तेही बघितलं नाही. बी धरणं बायकांचं काम. मी फक्त टमाटे खायला हजर.

आणि खरंच, वर्षामागून वर्ष, आमचे टमाटे अलीकडं यायला लागले. दिवाळीचे दसऱ्याला आले. दसऱ्याचे घटाच्या आधी आले. मग गौरी-गणपतीला. आणि एका साली, तारीख मला सांगता येत नाही, पोळ्याला आमच्या घरात लाल टमाटे होते. पहिला तिचा ठेवून वरचे अकरा. सुमननं मातीचे बैल केले होते, कारण खरे बैल आमच्याकडं नव्हते. त्या बैलांच्या पुढं तिनं टमाट्यांची रांग लावली. पुरणाची पोळी होती, पण त्या दिवशी भाकरीच गोड लागली. तव्यावर टमाटे भाजून, साल काढून, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याचा कूट, हातानं कुस्करलेलं. पहिल्या घासाला कानाखाली कळ यायची, इतका आंबट. सुमन एक डोळा मिटून खायची. तिची माय आमच्याकडं बघत बसायची, स्वतःच्या ताटात घ्यायची विसरायची.

उरलेले चिरून, मीठ लावून ती पत्र्यावर वाळवायची. त्या चकत्या गाडग्यात भरून कारखान्यावर न्यायची. पौष महिन्यात, पहाटे चारला, उसाच्या पाल्यानं हात कापलेले असताना, त्या चकत्या टाकलेल्या आमटीचा वास कोपीत सुटायचा. शेजारच्या कोपीतली माणसं विचारायची, "काय शिजतंय?" मी सांगायचो, "आमचं परस."

गावात आमचे टमाटे नावाजले. आणि इथं मला एक कबूल करायचं आहे. चौथी शिकलेला मी माणूस, चार लोकांत सांगावं असं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. पोळ्याच्या बाजाराला मी धोतराच्या सोग्यात चार टमाटे बांधून चौसाळ्याला जायचो. बाप गेल्यावर गाडा रशीद बघायचा. त्याच्या गाड्यावर, त्याच्या मालाच्या वर, आपले चार मांडायचो.

"पोळ्याला लाल! आसलं हाय का तुज्याकडं?"

"मामू, खरं सांगा, दवा मारता काय?"

"गप बे. हाताचा गुन हाय हा."

"हात तर आमालाबी हायेत मामू."

"मग पिकीव की."

चार लोक हसायचे. ती माझ्यामागं पिशवी घेऊन उभी असायची. पदर सारखा करायची. एकदाही म्हणाली नाही की हात कुणाचा. आणि मलाही, देवाशपथ सांगतो, तो माझाच वाटायचा. माझी माती, माझं परस, माझ्या आंघोळीचं पाणी.

शेवटच्या पोळ्याला ती परसात बाजेवर होती. उठवत नव्हतं. बाज अशी ठेव म्हणाली की वाफा दिसेल. लाल चिंधी मलाच बांधायला लावली. "आवळू नका. फांदीला श्वास घिऊ द्या." पहिला पिकला तेव्हा मी तोडून तिच्या हातात दिला. तिनं तो उशाशी ठेवला. मी बैलांची मिरवणूक बघायला वेशीत गेलो. परत आलो तर उशाशी टमाटा नव्हता आणि तिच्या बोटांना राख होती. मला वाटलं, देवाला दिला असेल कुणाच्या हातून.

संक्रांत तिनं बघितली नाही.

त्या साली दसऱ्याच्या सुमाराला, ती असतानाच, मी एक शहाणपणा केला होता. झाडावरचा सगळ्यात मोठा, सगळ्यात देखणा टमाटा हेरून त्याचं बी धरलं, गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरलं. बैल घ्यायचा तर उमदा घेतो, बी धरायचं तर मोठ्याचं धरावं. तिला सांगितलं नाही. आखितीला तेच बी खापरात टाकलं. पेटी उघडायची गरजच पडली नाही.

पहिला टमाटा पिकला तो गणपतीत. मी तो तोडून तिच्या फोटोपुढं ठेवला. पहिला देवाचा, आणि आता माझ्या घरात दुसरा देव कोण? सुकून काळा पडेपर्यंत तो तिथं राहिला. मग उकिरड्यावर गेला. बी पुन्हा मोठ्याचं धरलं.

दुसऱ्या साली घट बसले तरी हिरवेच. तिसऱ्या साली दसरा. मी पाण्याला दोष दिला. मग हवेला दिला. मग शेवग्याला. न्हाणीपाशी तिनं लावलेला शेवगा होता, वाफ्यावर त्याची सावली पडायची. मी कुऱ्हाड घेतली. शेजारची म्हातारी भिंतीवरून म्हणाली, "तात्या, तिच्या हातचं झाड हाय ते!" मी म्हणालो, "माज्या परसातलं हाय." तोडला. वाफ्यावर ऊन पडलं, लख्ख. टमाटे त्या साली दिवाळीला पिकले.

दरवर्षी पहिला तिच्यापुढं. दरवर्षी आणखी उशिरा.

लेकी पंचमीला माहेरी येतात. आमची सुमन पोळ्याला येते. मायनंच लावलेली रीत, टमाट्यासाठी. आता ती यायची आणि वाफा हिरवा. लेकीला काय सांगायचं? मायचा पोळा बापानं घालवला? मी पोळ्याच्या आधी चौसाळ्याला जायचो. तोंड वर करून नाही, गाड्याच्या मागच्या बाजूनं.

"रशीद, किलोभर दे. बारके बघून."

पहिल्या साली त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंडावर आलेली चेष्टा त्यानं गिळली हे मला दिसलं, आणि ते चेष्टेहून वाईट होतं. गुपचूप बारके बारके निवडून दिले. घरी आणून मी ते धुवायचो, मग वाफ्यातली ओली माती बोटानं थोडी-थोडी लावायचो, आणि तिच्या दुरडीत ठेवायचो. सुमन चटणी करायची. जेवताना मी विचारायचो, "कसे हायेत?"

"मायसारकेच," ती म्हणायची.

मला बरं वाटायचं. खोटं बोलून बरं वाटतं माणसाला, ह्याची लाज मला नंतर वाटली. तेव्हा नाही.

तर ते कापड. पेटी उघडली त्या दिवशी मी ते मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत बसलो. डाग मोजले नाहीत. पण शेवटचा ओळखू आला. बाकीचे सगळे डाग बोटानं नीट सारवलेले, चंद्रासारखे. शेवटचा वेडावाकडा, एका बाजूला ओघळलेला. बाजेवर पडल्या पडल्या केलेला. बाकीच्या डागांत दहा-वीस बिया उरलेल्या, घरात बी असावं म्हणून राखलेल्या. शेवटच्यात सगळ्या. त्या कुणी पेरल्याच नव्हत्या.

देवाला गेलेला टमाटा इथं होता.

मग एवढं तरी कळलं की ती पहिल्याचंच बी धरायची. का, ते तेव्हाही नीट उमगलं नाही. पण मनानं घेतलं. बाटलीतलं माझं बी मी चुलीत टाकलं. तडतड झाली. आखितीला खापर काढलं, गाळ, खत, राख चाळली. शेवटच्या डागातल्या बिया नखानं सोडवल्या, ओली चिंधी झाकली. रोज सकाळी उचलून बघितली. आठ दिवस, दहा दिवस. ती बघायची तसंच वाकून बघितलं. पंधराव्या दिवशी दुसऱ्या डागातल्या टाकल्या. मग तिसऱ्या. मग जेवढे डाग होते तेवढ्यांतल्या निम्म्या.

पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत, सात उन्हाळे. कोंब आला नाही. एकही नाही. खापरात गवत उगवलं तेवढं, आणि ते मी उपटलं नाही.

एका डागाला मात्र मी हात लावला नाही. वरून दुसऱ्या ओळीतला, डाव्या बाजूचा. तो सारवलेला नव्हता. बिया शिंतोड्यासारख्या उडालेल्या, इथं दोन, तिथं तीन, राखही कशीतरी टाकलेली. तिच्या हातचं काम असं नसायचं.

सुमन पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. वाफा मोकळा होता. पऱ्हाट्या नुसत्या उभ्या, चिंध्या वाऱ्यावर. ती न्हाणीपाशी थांबली, पायावर पाणी घेतलं.

सकाळीच मी चौसाळ्याला जाऊन आलो होतो. रशीद म्हणाला, "मामू, बारके काढून ठिवलेत. किलो ना?" मी म्हणालो, "दोनच टमाटे दे. आन् निवडू नको." त्यानं दिले, कागदात बांधून. त्याची दाढी आता पांढरी झाली आहे. यंदा मी पुढच्या बाजूनं गेलो होतो.

दुरडीत ठेवले नाहीत. माती लावली नाही. कागदासकट सुमनपुढं ठेवले.

"रशीदचे हायेत," मी म्हणालो. मग घसा खाकरला. "मागच्या सालचेबी रशीदचेच हुते. त्याच्या मागचेबी."

"ठावं हाय."

"कवापासून?"

"पहिल्या सालापासून. मायच्या टमाट्याला उभ्या चुण्या असायच्या आण्णा. साल कशी पातळ, दाताला लागायची न्हाई. ह्येची चावावी लागती."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी माती लावून ठिवायचे." ती खाली बघत म्हणाली. "मी काय बोलू?"

मी उठून आत गेलो. फोटोकडं बघितलं नाही. कापड आणलं, तिच्यापुढं पसरलं, आणि जे-जे झालं ते सांगितलं. बाटली, मोठ्याचं बी, खापर, शेवगा. आणि पहिला दरवर्षी मायला दिला, हेही सांगितलं. एवढं तरी मी बरोबर केलं होतं.

"मायला दिला म्हंजे?"

"फोटोपुढं. पहिला देवाचा म्हनून ती राखायची ना."

सुमन माझ्याकडं बघत राहिली. "देवाचा कशाला आण्णा? बी धरायला राखायची. जो आदी पिकला त्येचं बी आदी पिकतंय. म्हनून तर दिवाळीचा पोळ्याला आनला तिनं. ट्रक यायच्या आदी मला खायला मिळावा म्हनून." मग हळूच, "फोटोपुढचे टाकले कुठं?"

"उकिरड्यावर."

तिनं तोंडाला पदर लावला. बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणजे हसत नव्हती.

पलीकडच्या आळीत कुणी बैलांच्या शिंगांना रंग देत होतं, त्याचा वास येत होता. घुंगरांची माळ कुणीतरी हलवून बघत होतं.

शेवटी मी तो शिंतोड्यांचा डाग दाखवला. "ह्यो आसा कावून केला तिनं?"

तिनं बोट ठेवलं. म्हातारी व्हायला आलेली माझी लेक, पण बोट ठेवलं ते लहान पोरीसारखं. "ह्यो माजा हाय."

"तुजा?"

"ज्या साली तुमी मला शाळंसाठी आजीपाशी ठिवलं ना, त्या सालचा. मला ठावं न्हवतं ठिवनार हायेत ते. मायला ठावं हुतं. तुमी बजारला गेलते. मला वाफ्यात बसवलं आन् म्हनली, सुमे, यंदाचा पहिला तू खा. मी म्हनलं, पहिला खायचा न्हाई ना? म्हनली, खा. पन बी गिळू नको. पुढं कापड धरलं. म्हनली, हितं थुक."

मला तो बाजार आठवला, तिची माय माझ्याबरोबर न आलेला. पोळ्याचा. सोग्यात चार टमाटे घेऊन मी रशीदच्या गाड्यावर उभा होतो. हाताचा गुण सांगत.

त्यानंतर दसऱ्याला ट्रक निघाला तेव्हा सुमन भावाकडं राहणाऱ्या माझ्या आईचा हात धरून वेशीत उभी होती. रडली नाही. लेकरू शहाणं आहे, असं मी टोळीत सगळ्यांना सांगितलं. तिच्या मायनं पूर्ण रस्ताभर मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, दगडाची आहे. आणि पुढच्या साली पोळ्याला जे टमाटे मी खाल्ले ते त्या बियांचे होते.

सुमननं कागद सोडला. रशीदचा एक टमाटा घेऊन पदराला पुसला, आणि चिरायची वाट न बघता चावला. रस हनुवटीवर आला. केस पिकलेत तिचे, पण खाताना एक डोळा मिटला. आंबट नव्हता तो, तरी मिटला. मग ती पुढं वाकली. कापडाचा खालचा कोपरा कोरा होता, वेड्यावाकड्या डागाच्या शेजारी. तिथं तिनं बिया थुंकल्या.

थुंकल्यावर तिलाच नवल वाटलं असावं. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सवय. उगंच. बजारचा माल हाय, काय उगवल आन् कवा पिकल."

"तुज्या मायनंबी बजारचाच आनलता," मी म्हणालो. "ह्याच गाड्यावरनं."

"तिला किती सालं लागली, आण्णा? पोळ्याला यायला?"

मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, सगळे डाग समोरच होते. आम्ही दोघांनीही ते मोजले नाहीत.

वारा सुटला तशी तिनं कापडाची दोन टोकं दोन्ही हातांनी दाबून धरली. मी गुडघ्यावर हात देऊन उठलो. न्हाणीपाशी पाणी तापवायची चूल आहे, ती सकाळीच विझली होती. राख चिमटीत धरून आणेपर्यंत निम्मी वाटेत सांडली. उरली तेवढी मी डागावर सोडली, आणि थोडी तिच्या बोटांवर पडली.